पेडलवरून पाय सुटला तेव्हा : गवत कापायचे जुने यंत्र शर्यतीत उतरवण्याचे एक प्रकरण

अमेरिकेतील इंडियाना राज्यात आम्ही राहतो, तिथे घरापुढचे गवत कापण्यासाठी वर बसून चालवायचे चारचाकी यंत्र, म्हणजे मोवर, जवळजवळ प्रत्येक घरी असते. यांतली अनेक यंत्रे वीस-पंचवीस वर्षे टिकतात, आणि त्यांची पाती व पातीभोवतीचे आवरण गंजून गेले तरी इंजिन मात्र धडधाकट राहते. अशा यंत्रांच्या शर्यती या राज्याला नव्या नाहीत. ट्वेल्व्ह माइल नावाच्या इथल्या एका खेड्यात १९६३ पासून ४ जुलैला अशी शर्यत होत आली आहे. इंग्लंडमध्ये १९७३ साली वेस्ट ससेक्समधील विझबरो ग्रीन या गावी काही मोटारशौकिनांनी, मोटारशर्यतीचा खर्च खिशाला झेपत नाही म्हणून, हाच मार्ग धरला आणि त्यातून तिथली संघटना उभी राहिली. अमेरिकेतील राष्ट्रीय संघटना १९९२ची. या सगळ्यांचा पहिला नियम एकच आहे : पाती काढल्याशिवाय यंत्र मैदानात आणायचे नाही.

आमच्या काउंटीच्या जत्रेतही जुलैत अशी शर्यत असते. तिच्यासाठी माझे शेजारी आणि मी मिळून एक जुने यंत्र तयार केले. शेजारी निवृत्त आहेत, आयुष्यभर त्यांनी साचे आणि हत्यारे बनवण्याचे काम केले, आणि माझी मुले त्यांना आजोबा म्हणतात, म्हणून इथेही मी तसेच म्हणेन. या कामात आमच्याकडून एक अपघात घडला. त्याची कारणे आम्ही पुढे संपूर्ण हिवाळाभर मोजून, मांडून शोधली, आणि तो शोध कोणाच्या तरी उपयोगी पडावा म्हणून हे प्रकरण लिहीत आहे.

यंत्र जसे मिळाले तसे

एका घरासमोरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत ते यंत्र ९० डॉलरला मिळाले. साडेबारा अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, पाच गिअर, मागची चाके २० इंच व्यासाची आणि पुढची १५ इंचांची. या यंत्रांची रचना मोटारीपेक्षा फार वेगळी असते. इंजिनाचा शाफ्ट उभा असतो, कारण पाती जमिनीला समांतर फिरवायची असतात. त्या शाफ्टच्या खालच्या टोकाला पुली असते, तिथून एक आडवा पट्टा मागच्या गिअरबॉक्सवरच्या पुलीपर्यंत जातो, आणि हा पट्टा ताणला की यंत्र चालते, सैल केला की थांबते. क्लच म्हणतात तो एवढाच.

पट्टा सैल करणारे आणि ब्रेक लावणारे पेडल एकच असते. ते अर्धे दाबले की पट्टा सैल होतो आणि पूर्ण दाबले की ब्रेक लागतो. याचा अर्थ असा की पेडलवरून पाय काढला की यंत्र पुढे निघते. मोटार चालवणाऱ्याच्या अंगवळणी पडलेल्या सवयीच्या हे नेमके उलट आहे. शिवाय इंजिनाचा वेग पायाने नव्हे तर हाताने सरकवायच्या एका दांडीने ठरतो, आणि ती दांडी जिथे ठेवू तिथेच राहते. गवत कापताना हे सोयीचेच असते, कारण तासभर एका संथ गतीने फिरायचे असते. मग माणूस घसरून खाली पडला तर काय, याचा विचारही मूळ रचनाकाराने केलेला असतो : सीटखाली एक स्विच असतो, आणि सीटवरचे वजन उठले की तो मॅग्नेटोचा, म्हणजे ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाचा, प्रवाह यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला जोडून ठिणगी बंद करतो.

हे सगळे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरीही या तीन गोष्टी एकमेकींना धरून उभ्या आहेत हे मात्र मला दिसले नाही.

वेग कुठून आला

सप्टेंबरात आम्ही पाती, त्यांचे आवरण आणि ते उचलणारी सगळी जुळणी उतरवली. त्यानंतर पुल्या बदलल्या. इंजिनाची पुली मूळची ९० मिलिमीटर व्यासाची होती आणि गिअरबॉक्सची १८० मिलिमीटरची, म्हणजे इंजिनाचे दोन फेरे होतील तेव्हा गिअरबॉक्समध्ये एक फेरा जाई. आम्ही इंजिनावर १५० मिलिमीटरची आणि गिअरबॉक्सवर ९० मिलिमीटरची पुली बसवली. इंजिन पूर्वीइतकेच, मिनिटाला ३,३०० फेरे फिरणार, पण सर्वात वरच्या गिअरमधला वेग ताशी साडेआठ किलोमीटरवरून सव्वाअठ्ठावीसवर गेला. दोन पुल्या, एक नवा पट्टा आणि पट्टा ताणून धरणाऱ्या मधल्या पुलीची जागा सरकवण्यासाठी पाडलेले एक भोक, एवढ्यात वेग सव्वातीनपट झाला. या कामाला एक शनिवार पुरला.

आता हिशोबाची दुसरी बाजू पाहा. वेग सव्वातीनपट झाला की थांबवायची ऊर्जा सुमारे अकरापट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट मिनिटाला १,६५० फेऱ्यांसाठी बनवला होता, तो आता ५,५०० फेरे फिरू लागला. पट्ट्याचा स्वतःचा वेग सेकंदाला साडेपंधरा मीटरवरून जवळजवळ सव्वीस मीटरवर पोहोचला, जो साध्या व्ही-बेल्टला सोसवतो, पण त्याच्यापुढे फारशी जागा उरत नाही. यंत्रातल्या प्रत्येक भागाला त्याचा एक वेग नेमून दिलेला असतो, आणि तो त्या भागावर कुठेही लिहिलेला नसतो.

सोयाबीनच्या शेतातली ती दुपार

ऑक्टोबरात सोयाबीनची कापणी झाल्यावर ओळखीच्या एका शेतकऱ्याने आम्हाला रिकामे रान वापरू दिले. पेंढ्याच्या गाठी ठेवून आम्ही लंबवर्तुळाकार मार्ग आखला, त्याच्या वळणांची त्रिज्या सुमारे १० मीटर होती. त्या उंचसखल रानात यंत्र उडे, सीटवरचे वजन क्षणभर हलके होई, सीटखालचा स्विच आपले काम करी आणि इंजिन फुसफुसून मरे. दोन-तीनदा असे झाल्यावर मी त्या स्विचची तार काढून टेप गुंडाळून ठेवली. आजोबा तेव्हा पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेले होते. त्यांना मी हे सांगितलेही नाही, कारण मला ती सांगण्याजोगी गोष्ट वाटली नाही.

सहाव्या फेरीत मी डावीकडच्या वळणात जरा वेगात शिरलो. आतल्या बाजूचे, म्हणजे डावे मागचे चाक जमिनीवरून उचलले गेलेले मला अंगाला जाणवले. मी पेडल पूर्ण दाबले. ब्रेक लागलाच नाही. पेडल कडक होते, खाली ब्रेकची चकती पकडलीही गेली होती, पण यंत्राचा वेग रतिभरही कमी झाला नाही. पुढच्या क्षणी बाहेरच्या बाजूला तोल जाऊन मी उजवीकडे फेकलो गेलो आणि डाव्या मनगटावर पडलो. माझे वजन उतरताच यंत्र पुन्हा चारही चाकांवर आले. पेडलवर पाय नव्हता, म्हणून पट्टा ताणला गेला. दांडी पूर्ण वेगावर होती. सीटचा स्विच मी काढलेला होता. ते यंत्र कोणी न बसता, पूर्ण वेगाने, आजोबा उभे होते त्या दिशेने गेले. ते बाजूला झाले. यंत्र पुढे वीसेक मीटर जाऊन कुंपणाच्या चरात अडकले आणि तिथेही त्याची मागची चाके माती उडवत फिरतच राहिली. आजोबांनी जाऊन स्पार्क प्लगची टोपी जाड हातमोज्याने ओढून काढली.

माझे मनगट मोडले नाही, मुरगळले, आणि तीन आठवडे बांधून ठेवावे लागले. आजोबा मात्र घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. गॅरेजमध्ये यंत्र उतरवल्यावर त्यांनी सीट उचलली, टेप गुंडाळलेली तार दोन बोटांत धरली, आणि एवढेच म्हणाले, "जे काढशील ते आधी मला दाखवायचे." त्यांच्या जागी माझे वडील असते तर याहून जास्त बोलले असते, आणि त्याने मला याहून कमी लागले असते.

ब्रेक का लागला नाही

इंजिन आपोआप का थांबले नाही याचे उत्तर टेप गुंडाळलेल्या तारेत होते. ब्रेकचे उत्तर शोधायला मात्र आम्हाला गिअरबॉक्स उघडावा लागला. या यंत्रांत ब्रेकची छोटी चकती चाकांवर नसते, ती गिअरबॉक्समधल्या एका शाफ्टवर असते, आणि तिथून चाकांपर्यंतचा मार्ग डिफरन्शियलमधून जातो. डिफरन्शियल, म्हणजे दातेरी चाकांची एक जुळणी, दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटून देते. वळताना दोन चाकांना वेगवेगळे फेरे घेता यावेत म्हणून ते असते आणि हिरवळीवर त्याची गरजही असते, नाहीतर चाके गवत खरवडतील. पण एक चाक हवेत गेले की त्या चाकाला अडवणारे काहीच नसते. म्हणून त्याच्या वाट्याचा जोर शून्य होतो, आणि जोर सारखाच वाटायचा असल्यामुळे जमिनीवरच्या चाकाच्या वाट्यालाही शून्यच येतो. चकती घट्ट पकडली गेली तेव्हा हवेतले चाक उलटे फिरले, जमिनीवरचे चाक सुलटे फिरत राहिले आणि यंत्र पुढे गेले. म्हणजे ब्रेक बिघडला नव्हता. एक चाक उचलले गेल्यावर या यंत्राला ब्रेकच नसतो.

चाक का उचलले गेले हे मोजायला आजोबांनी एक साधी युक्ती केली. इथल्या घरांत पाणी मऊ करायच्या टाकीसाठी मिठाची पोती आणून ठेवलेली असतात, एकेक १८ किलोचे. अशी चार पोती, म्हणजे माझ्या वजनाजवळचे ओझे, आम्ही सीटवर माणूस बसतो तशी रचून पट्ट्यांनी आवळली. यंत्र एका जाड फळीवर आडवे उभे केले, खालच्या बाजूला चाके घसरू नयेत म्हणून पट्टी ठोकली, आणि फळीची दुसरी कड जॅकने हळूहळू उचलत नेली. वरच्या मागच्या चाकाखाली एक कागद ठेवला होता. तो ओढल्यावर अलगद निघून आला तेव्हा कोन ३१ अंश होता.

३१ अंशांचा टॅन्जंट ०.६० येतो. याचा अर्थ वळणातला बाहेर फेकणारा जोर वजनाच्या ०.६ पट झाला की आतले चाक जमीन सोडणार. ताशी सव्वाअठ्ठावीस किलोमीटर वेगाला हा जोर साडेदहा मीटर त्रिज्येच्या वळणावर येतो. आमची पेंढ्याची वळणे दहा मीटरची होती. हा आकडा कागदावर आला तेव्हा मला खरोखर वाईट वाटले, कारण तो काढायला लागणारे गणित मला अकरावीपासून येत होते आणि ती पोती माझ्याच तळघरात पडून होती.

यात आणखी एक बारकावा होता, तो आजोबांनी दाखवला. पुढचा आस मधोमध एका खिळीवर डुलता असतो, म्हणजे उंचसखल जमिनीवर चारही चाके टेकून राहतात. पण त्यामुळे तोल सांभाळायला पुढच्या चाकांचा काहीच हातभार लागत नाही. यंत्राला चार चाके दिसत असली तरी तोलाच्या दृष्टीने ते तीन पायांचे स्टूल आहे : मागची दोन चाके आणि पुढची ती खिळी.

हिवाळ्यातली दुरुस्ती

पुढचा आस आम्ही दोन्ही बाजूंना लोखंडी ठोकळे वेल्ड करून पक्का केला. गिअरबॉक्स चॅसिसच्या तुलनेत साडेसात सेंटिमीटर वर बसवला, पुढचा आसही तेवढाच वर घेतला, त्यामुळे सगळा सांगाडा खाली आला. मागे २० ऐवजी १८ इंची टायर घातले आणि चाके थोडी बाहेर काढली. सीटच्या स्प्रिंगा काढून ती सरळ पत्र्यावर बसवली, आणि त्यासाठी तिच्याखालची पेट्रोलची टाकी पुढे, इंजिनापासून पत्र्याने वेगळी करून, ठेवावी लागली. पोती पुन्हा बांधून यंत्र फळीवर चढवले तेव्हा कागद ४२ अंशांना सुटला, म्हणजे ०.९०. मातीवर एवढा जोर येण्याच्या कितीतरी आधी टायर घसरतात, आणि आम्हाला तेच हवे होते, कारण घसरणारे यंत्र सावरता येते. लहान टायरांमुळे वेग ताशी साडेपंचवीसवर उतरला, तो आम्ही भरून काढला नाही.

डिफरन्शियल वेल्ड करून कायमचे बांधून टाकले, त्यामुळे एक चाक उचलले तरी ब्रेक दुसऱ्याला मिळतो. त्याचबरोबर गो-कार्टचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मागच्या आसावर वेगळा बसवला आणि त्याला स्वतंत्र पेडल दिले. दोन्ही चाके एकत्र बांधली की यंत्र वळायला नाखूश होते, नाक बाहेर ओढते. लंबवर्तुळाकार मार्गावर सगळी वळणे डावीकडेच असतात, म्हणून शर्यतीतली मंडळी उजवे मागचे टायर डाव्यापेक्षा परिघाने मोठे ठेवतात. मग यंत्र आपणहून डावीकडे झुकते, जसा एका बाजूने रुंद असलेला पेला जमिनीवर गोल फिरतो तसे. आमच्या चाकांतले अंतर आणि १५ मीटर त्रिज्या धरून फरक सुमारे ८ सेंटिमीटरचा हवा होता. आम्ही बायकोच्या शिवणाच्या डब्यातली कापडी टेप टायरभोवती गुंडाळून, हवा कमी-जास्त करत आणि तीन वेगवेगळी टायरे आलटून-पालटून, साडेतीन सेंटिमीटरपर्यंत पोहोचलो. त्याहून जास्त जमले नाही, तरी यंत्र वळू लागले.

इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे त्याचा वेग आपोआप नेमल्या मर्यादेत ठेवणारी जुळणी, मी हात न लावता तसाच ठेवला. यावर बरेच जण माझ्याशी वाद घालतील, म्हणून कारण नीट सांगतो. गावाकडच्या पिठाच्या गिरणीचे डिझेल इंजिन ज्यांनी ऐकले आहे त्यांना हा प्रकार ठाऊक आहे : जात्यात दाणे पडले की इंजिन क्षणभर दबते आणि मग स्वतःच जोर धरते. मोवरच्या इंजिनात ते काम आतली फिरती वजने करतात. आपण सरकवतो ती दांडी किंवा पेडल कार्ब्युरेटरची झडप थेट उघडत नाही, फक्त गव्हर्नरची स्प्रिंग ताणते. ती जुळणी काढून टाकली तर हेच इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांपर्यंत सहज जाईल, आणि ३,३०० वरून ५,००० वर जाताना पिस्टनला शाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचा ताण दुपटीहून जास्त होतो. तो रॉड ओतीव अॅल्युमिनियमचा असतो. शाफ्टवरचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, तेही ओतीवच, आणि ते जास्त वेगाने फिरताना फुटले तर त्याचे तुकडे चालवणाऱ्याच्या गुडघ्यांच्या पातळीवर उडतात. ज्यांना त्या वेगाला जायचे असते ते रॉड आणि फ्लायव्हील अखंड धातूतून कोरून घेतात आणि मगच गव्हर्नर काढतात. ज्यांना त्याच्याही पुढे जायचे असते ते मोवरचे इंजिन ठेवतच नाहीत. होंडाने २०१४ साली स्पेनमध्ये ताशी १८७.६ किलोमीटरचा विक्रम केला तो मोटरसायकलचे १,००० सीसीचे इंजिन बसवून, नव्या चॅसिसवर. नव्वद डॉलरच्या यंत्राला गव्हर्नर हा त्याचा सर्वात मोलाचा भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

दांडी काढून गव्हर्नरच्या स्प्रिंगेला आम्ही पायाचे पेडल जोडले आणि त्याला दोन परतीच्या स्प्रिंगा लावल्या, एक तुटली तरी दुसरी ओढून घेईल अशा. सीटचा स्विच परत आणला. तो उसळीत इंजिन बंद करी, कारण सीट स्प्रिंगांवर होती. सीट पक्की झाल्यावर ती तक्रार आपोआप संपली. शिवाय मनगटाला बांधायची दोरी बसवली, जी सुटली की मॅग्नेटो सांगाड्याला जोडला जाऊन ठिणगी बंद होते. या शर्यतींत चालवणाऱ्याला यंत्राला बांधत नाहीत, पडलाच तर तो यंत्रापासून सुटून दूर पडावा असा त्यामागचा हेतू असतो, म्हणून दोरीला पर्याय नाही.

मे आणि जुलै

मे महिन्यात त्याच रानात पुन्हा गेलो. पहिला तास आम्ही एकही फेरी मारली नाही. मी संथ गतीत यंत्रावरून मुद्दाम बाजूला उतरायचो आणि आजोबा ते किती अंतरावर थांबते हे पावलांनी मोजायचे. दोरी सुटल्यावर इंजिन मरे, आणि सर्वात वरच्या गिअरमध्येही यंत्र पाच-सहा पावलांत थांबे, कारण इंजिनच चाकांना मागे खेचे. मग फेऱ्या घेतल्या. ऑक्टोबरातल्या यंत्राचा वरचा वेग जास्त होता, पण प्रत्येक वळणाआधी मला तो सोडावा लागे. या यंत्राच्या वेगाच्या पेडलवरचा पाय मी वळणातही थोडासाच उचलत होतो, आणि त्याच आखणीवर फेरी दर वेळी दोन-अडीच सेकंदांनी लवकर पूर्ण होत होती.

जुलैच्या शर्यतीआधी तपासणी करणाऱ्या बाईंनी पाती काढल्याची खात्री करायला वाकून पाहिले, चाके हलवून पाहिली, इंजिन चालू करायला सांगितले आणि काही न बोलता माझ्या मनगटावरची दोरी स्वतः ओढली. ते बंद पडलेले ऐकून त्या पुढच्या यंत्राकडे गेल्या. अकरा यंत्रांत आमचा क्रमांक पाचवा आला. पुढे गेलेल्या चारांपैकी तिघांचे वेग आमच्यापेक्षा उघडच जास्त होते.

शर्यतीनंतर आठवड्याने गिअरबॉक्स पुन्हा उघडला. आतल्या ग्रीसचा रंग राखाडी झाला होता आणि त्यात पितळेची बारीक चमक होती. गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट ज्या पितळी नळीत, म्हणजे बुशमध्ये, फिरतो तिच्यात आता नखाला लागेल एवढी ढिलाई आहे. मिनिटाला १,६५० फेऱ्यांसाठी केलेला तो बुश ५,५०० फेऱ्यांवर एक हंगाम टिकला, दुसरा टिकणार नाही. पुढच्या वर्षासाठी गिअरबॉक्स काढून काटकोनी गिअर, साखळी आणि अखंड आस घालावा की त्या जागी बॉल बेअरिंग बसेल एवढे भोक मोठे करून घ्यावे, यावर सध्या आमची चर्चा चालू आहे. आजोबांना लेथवरचे काम हवे आहे, म्हणून ते बेअरिंगच्या बाजूचे आहेत. बुश त्यांनी एका पाकिटात घालून, त्यावर तारीख आणि दोन्ही आकडे लिहून, भिंतीवरच्या खिळ्याला टेप गुंडाळलेल्या त्या तारेशेजारी टांगून ठेवला आहे.